अंगणात कोसळलेला अँटेना

माझे वडील मारायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण ते बाजूला ठेवून आमच्या घरातल्या टीव्हीची गोष्ट सांगता येत नाही.

बाबा तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. रोज सकाळी सायकलने बोईसरपर्यंत जायचे, तिथून कंपनीची बस. हातात कसब असं, की बिघडलेली कुठलीही वस्तू त्यांच्यासमोर ठेवली की ती गुपचूप कामाला लागायची. आम्हीही त्यांच्यासमोर तसेच वागायचो. आमचं घर उमरोळी स्टेशनपासून पायी वीस मिनिटांवर. मागे चिकूची चार झाडं, पुढे ओटा, ओट्यापुढे सारवलेलं अंगण, अंगणाच्या टोकाला एक आंबा.

मी सहावीत असताना बाबांनी टीव्ही आणला. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला. मुंबईचं केंद्र आमच्यापासून इतकं लांब, की साध्या अँटेनावर पडद्यावर नुसत्या मुंग्या यायच्या. म्हणून बाबांनी भंगारवाल्याकडून लोखंडी पाइप आणले, एकात एक बसवून जवळजवळ ताडाच्या उंचीचे केले आणि ते अंगणात ओट्याला लागून उभे केले. वर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, त्याला चित्र स्वच्छ करणारा बूस्टर. पाइप वाऱ्याने पडू नये म्हणून तीन बाजूंनी ताणाच्या तारा. एक आंब्याला, एक घराच्या खांबाला, एक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला. या तीन तारांपैकी एक जरी सुटली तरी पाइप कलायचा. बूस्टर बिघडला की पाइप खाली उतरवायला चार बाप्ये लागायचे.

चित्र पहिल्यांदा स्वच्छ आलं तेव्हा गावातले लोक बाबांकडे असे बघायला लागले, जसं आम्ही त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग बाबा दुसऱ्यांचेही अँटेना बनवायला लागले. उमरोळीत, बोईसरच्या चाळींत, थेट पालघरजवळच्या माहीमच्या वाड्यांपर्यंत. आमच्या ओट्याखाली ॲल्युमिनियमच्या काड्यांची मोळी कायम पडलेली असायची. पोकळ, हलक्या, बोटाएवढ्या जाड. आणि बाबांचा हात मारण्यासाठी जे शोधायचा ते त्यांना तिथेच सापडायचं. छडीने वळ उठतो. या काडीचं टोक कापलेलं असतं, ते कातडी फाडतं.

पाइप फिरवायचं काम माझ्या भावाचं होतं. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. बाबा आत खुर्चीत बसायचे, मी खिडकीत उभी राहायची, दादा बाहेर पाइपाला पाना लावून उभा. बाबा म्हणायचे, "गेलं." मी ओरडायची, "गेलं!" दादा फिरवायचा. चित्र आलं की मी "आलं!" ओरडायची आणि तो थांबायचा.

एकदा उन्हाळ्यात सगळी संध्याकाळ चित्र ठरेना. बहुतेक वर कावळा बसून काडी वाकली होती. दादा दीड तास पाइपाशी होता. पाना घसरून त्याच्या तळहाताचं साल निघालं होतं. तो मला हात दाखवत होता. आत बाबांचं "गेलं, गेलं" चालू होतं. मला ते बघवेना. खरखरीत बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीबाहेर वाकून मी ओरडले, "आलं!"

दादाने पाना टाकला आणि तो पळाला.

बाबा बाहेर आले. अंगणात पाना पडलेला, दादा नाही. त्यांनी ओट्याखालून काडी उपसली आणि चालत गेले. बाबा कधी धावत नसत. दादा तळ्याकाठी सापडला. तिथून घरापर्यंत त्यांनी त्याला मारत आणलं. अंगणात आल्यावर त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो शर्ट पांढरा होता. आई मध्ये पडली तर तिच्या कानशिलावर बसली. ती ओट्याची पायरी धरून खाली बसली आणि बराच वेळ तिला ऐकू येत नव्हतं.

"कोणी सांगितला तुला आलं म्हणून?" बाबा विचारत होते. "कोणी सांगितला?"

दादाने माझं नाव घेतलं नाही. मी खिडकीत उभी होते. मीही काही बोलले नाही.

ही गोष्ट मी त्याला सांगितली ती पुढे चार वर्षांनी, तो घर सोडून गेला त्या दिवशी. त्या दिवशी बाबांनी नेहमीसारखी काडी उचलली होती, आणि दादाने ती हवेतच धरली. बाबांकडे बघत त्याने ती मधोमध वाकवली, खाली ठेवली आणि कपडे पिशवीत भरायला लागला. मी त्याच्या मागे फाट्यापर्यंत गेले. म्हटलं, "दादा, त्या दिवशी चित्र आलं नव्हतं. मी खोटं ओरडले."

तो म्हणाला, "म्हाईत हाय मला. आतून खरखर ऐकू येत होती. मला पण पळायचाच होता." मग म्हणाला, "तू पण निघ इथून. जमेल तेव्हा निघ."

तो बोईसरला गेला. तेव्हा बोईसरला केबल येऊ घातली होती.

मी दहावी झाल्यावर तारापूरच्याच औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पॅक करण्याच्या कामाला लागले, त्यामुळे केबल कशी आली ते मी रोज डोळ्यांनी बघितलं. आधी एका दुकानाच्या गच्चीवर डिशची मोठी थाळी बसली. मग विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, पत्र्यांवरून काळ्या वायरी निघाल्या. दोन मालक होते. एकाचं ऑफिस स्टेशनच्या पूर्वेला, एकाचं पश्चिमेला, आणि दोघांनाही सगळं बोईसर हवं होतं. एकाची वायर दुसरा कापायचा. मग ज्याची कापली तो कापणाऱ्याला शोधायचा. दादा पूर्वेच्या मालकाकडे वायर टाकायच्या कामाला होता. सगळे त्या मालकाला शेठ म्हणत.

एके दिवशी दुपारची पाळी संपवून मी आणि माझी मैत्रीण स्टेशनकडे येत होतो. ही मैत्रीण गोळ्यांच्या माझ्याच सरकत्या पट्ट्यावर काम करायची. ती पूर्वेकडच्या डोंगराखालच्या पाड्यावरची, माझ्याच वयाची, वर्षभरापूर्वी लग्न झालेली. रस्त्यात गर्दी दिसली. तीन पोरं एका माणसाला विजेच्या खांबावरून पाय धरून खाली ओढत होती. तो वरून खांबाला मिठी मारून होता. शेवटी सुटला आणि तोंडावर पडला. मग ती पोरं त्याला लाथा मारायला लागली. एकाच्या हातात सायकलची साखळी होती. तो साखळी मनगटाला गुंडाळायचा, मारायचा, परत गुंडाळायचा. घाई नव्हती. ती चाल मला ओळखीची वाटली आणि मग मला तोंड दिसलं. दादा होता.

त्यानेही मला बघितलं. त्याचा हात थांबला नाही.

"तुझा भाऊस ना तो?" मैत्रिणीने विचारलं.

"नाय," मी म्हटलं.



शेठची एक अडचण होती. बरेच लोक म्हणायचे, आमचा अँटेना आहे, फुकट दिसतं, आम्हाला कशाला हवी केबल? शेठ चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा, "अब कौन जवान लडका अँटेना देखता है? सब बुढ्ढे लोग का काम है." बोलण्यात अर्धं खरंही होतं. बोईसरच्या चाळींतली माझ्या वयाची पोरं केबलवाल्या घरांच्या दारांत उभी राहून बघायची. घरात टीव्ही असूनही शेजारी जायची. आईबापांशी भांडायची. आणि जिथे पोरांनी भांडूनही काम व्हायचं नाही तिथे शेठची माणसं जायची. दिवसाढवळ्या छपरावर चढायची, अँटेना उपटून गल्लीत फेकायची आणि म्हणायची, वाऱ्याने पडला असेल. पोलिसांत कोण जाणार? अँटेनासाठी?

बाबांनी उभे केलेले कितीतरी अँटेना त्या वर्षात असे गेले. बाबा जाऊन बघून यायचे. वाकड्या झालेल्या काड्या सायकलला बांधून घरी आणायचे आणि ओट्यावर बसून हातोडीने सरळ करायचे.  आई त्या वेळी आतच राहायची.

आमच्या गावात केबल अजून यायची होती, आणि रविवारी आमच्या अंगणात गर्दी व्हायची. सुरुवात माझ्या मैत्रिणीमुळे झाली. तिच्या पाड्यावर तेव्हा टीव्ही नव्हता. एका रविवारी ती नवऱ्याला घेऊन दीड तास चालत आमच्याकडे आली. पुढच्या वेळी नवऱ्याचे दोन मित्र, मग पाड्यावरच्या आणखी काही पोरी. सगळी माझ्या वयाच्या आगेमागे, कोणी खदाणीवर कामाला, कोणी वीटभट्टीवर, पावसाळ्यात स्वतःच्या शेतावर. दुपारी बहिऱ्यांसाठीच्या बातम्या लागायच्या, तिथपासून ती बसायची ती सिनेमा संपेपर्यंत. त्या बातम्यांतल्या बाईंच्या हातवाऱ्यांकडे मैत्रीण डोळे लावून बघायची. पॅकिंगच्या खात्यात मशीनच्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं नाही. तिने त्या खुणा उचलल्या, मला शिकवल्या, आणि पट्ट्याच्या दोन टोकांवरून आम्ही पाणी, घाण वास, सुपरवायझर आला, भूक लागली हे सगळं हातांनी बोलायला लागलो. दोन महिन्यांत अख्खी पाळी बोलायला लागली.

मला भीती होती की बाबा या लोकांना हाकलतील. उलटंच झालं. ते रविवारी टीव्ही उचलून खिडकीत ठेवायचे, तोंड अंगणाकडे करून. चटई स्वतः टाकायचे. "बघा, कोण बोलतंय जवान पोरं अँटेना बघत नाय म्हणून?" असं जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवायचे. मैत्रिणीच्या नवऱ्याला ते पाइप कसा जोडायचा, बूस्टर कसा लावायचा ते शिकवायचे. तो शांत, किडकिडीत मुलगा होता. चुकला तर बाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा दाखवायचे. मी ते दारातून बघायची. त्या हाताचा मला राग यायचा. तो हात असाही होता, हे आम्हाला कधी कळू दिलं नव्हतं.

हे शेठच्या कानावर गेलं. आमच्या गावात वायर टाकायची होती आणि लोक म्हणत होते, फिटरच्या अंगणात फुकट दिसतं ना. शेठने दादाला बोलावलं. त्या वेळी दादाबरोबर असलेल्या एकाने नंतर मला सांगितलं, शेठ म्हणाला, "पहले तेरे बाप का उतार. फिर बाकी सब अपने आप उतारेंगे." दादा नाही म्हणाला. शेठ हसला आणि म्हणाला, मग दुसऱ्यांना पाठवतो, ते बापालाही उतरवतील. तेव्हा दादा म्हणाला, मीच जातो.

तो रविवार फेब्रुवारीतला. हवा पडलेली होती, पान हलत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते. सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. अंगणात पंधरा-वीस जण बसले होते. आई ओट्यावर शहाळी सोलत होती. मैत्रीण चटईच्या कडेला, पाइपाच्या अगदी जवळ, नवरा तिच्या मागे.

जीप आली. दादा आणि आणखी दोघे. दादा तीन वर्षांनी अंगणात उभा होता. अंगाने भरला होता, मिशी आली होती. हातात तारा कापायचा मोठा कटर.

"उठा सगळे," तो म्हणाला. "अंगण खाली करा. पाइप उतरवायचा हाय."

दोन-तीन जण उठायला लागले. बाबा दारातून म्हणाले, "कोणी उठायचा नाय. माझा अंगण हाय."

"बाबा, ऐका. मी नाय केला तर दुसरे येतील. ते असे सांगत बसणार नाय."

"तू कोण मला सांगणार?"

दादा सरळ आंब्याकडे गेला आणि त्याने तिथली तार कापली. टण्णकन आवाज झाला. पाइप थोडा कलला, पडद्यावर मुंग्या आल्या. लोक उभे राहिले. बाबांनी ओट्याखालून काडी घेतली. तसेच चालत गेले आणि त्यांनी दादाच्या तोंडावर मारली. गाल फाटला. परत मारली. दादा आधी मागे सरला. मग त्याचं तोंड बदललं. ते कसं झालं होतं हे मला सांगता येत नाही, पण बोईसरच्या खांबाखाली मी ते तोंड बघितलं होतं. बाबा मारत होते आणि तो मार खात खात खुंटीकडे चालला होता. बाबा ओरडत होते, तो ओरडत होता. खुंटीशी तो वाकला. पाठीवर काडी बसत होती आणि त्याने कटर दाबला.

मैत्रीण तेव्हा उठली होती. नवऱ्याचा हात धरून त्याला मागे ओढत होती. त्याला वाचवायला ती वळली, आणि पाइप आला. पाइप तिला लागला नाही, तो ओट्याच्या कडेवर आदळून वाकला. वरचा अँटेना मात्र जोडातून निसटला, फिरून खाली आला आणि त्याची एक काडी तिच्या डाव्या डोळ्यात गेली.

ती ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी काडी धरली आणि ती गुडघ्यांवर बसली.

मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा तिचा नवरा तिथे नव्हता. मी वळून बघितलं. त्याने ओट्यावरून आईचा कोयता उचलला होता. दादा तिथेच उभा होता, हातातून कटर पडलेला, मैत्रिणीकडे बघत. त्याने स्वतःला वाचवायचा प्रयत्नच केला नाही. कोयता उजव्या खांद्यात बसला. मी हाडाचा आवाज ऐकला. दादा खाली पडला तरी तो मुलगा दुसऱ्यांदा हात उचलत होता. तेव्हा आई दादाच्या अंगावर आडवी झाली आणि खालूनच ओरडली, "मार. आधी मला मार." त्याचा हात वरच राहिला. मग त्याने कोयता खाली टाकला आणि तो रडायला लागला. दादाबरोबरचे दोघे केव्हाच जीपमध्ये बसून पळाले होते.

शेजारच्या वाडीवाल्याचा टेम्पो होता. त्यात आम्ही दोघांना घातलं. दोन गाड्या कुठून आणणार? मैत्रिणीचं डोकं माझ्या मांडीवर, दादाचं आईच्या. काडी आम्ही काढली नव्हती, बाबांनी करवतीने बाहेरचा भाग कापून लहान केला होता.  पालघरपर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला मैत्रीण माझ्या मनगटात नखं रोवायची. दादाला शुद्ध होती. तो टेम्पोच्या छताकडे बघत एकच बोलत होता, "ती तिथं हाय ते मी बघितला नाय. आई, मी बघितला नाय." मैत्रीण ते सगळं ऐकत होती.

डोळा गेला. ते डॉक्टरांनी संध्याकाळीच सांगितलं. दादाचं रक्त थांबलं, उजवा हात मात्र परत कधी वर गेला नाही.

दवाखान्याच्या आवारात पोलीस आले. मैत्रिणीच्या नवऱ्याला त्यांनी झाडाखाली बसवलं होतं, हात दोरीने बांधलेले. हवालदार आधी बाबांशी बोलला. मी दोन पावलांवर होते. बाबा म्हणाले, "वारा होता साहेब. पाइप जुना. पडला. आणि या माणसाने काय समजून माझ्या पोराला कोयता घातला."

मी बाबांकडे बघितलं. दादाला पाठ फोडून मारणारे बाबा आता दादासाठी खोटं बोलत होते. खरं सांगायचं तर एका क्षणासाठी मला बरं वाटलं. वाटलं, यांना आपला मुलगा हवा आहे. मग झाडाखाली नजर गेली. तो मुलगा बाबांकडे बघत होता. त्याला पाइप जोडायला याच माणसाने शिकवलं होतं.

"आणखी कोणी बघितलं?" हवालदाराने विचारलं.

"मी," मी म्हटलं. "वारा नव्हता. तारा माझ्या भावाने कापल्या. तिचा डोळा गेला म्हणून तिच्या नवऱ्याने मारलं."

हवालदार माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "नीट विचार करून सांग पोरी. सख्खा भाऊ हाय तुझा."

"विचार करूनच सांगते. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं, मी खाली सही केली. सही करून वळले तेव्हा बाबा समोर होते. त्या दिवशी हातात काही नव्हतं म्हणून त्यांनी हातानेच मारलं. पहिल्या फटक्याला माझा ओठ फुटला, दुसऱ्याला मी खाली पडले, मग त्यांनी केस धरले. दवाखान्यातले लोक खिडक्यांतून बघत होते. दोन पोलिसांनी त्यांना मागे ओढलं. आई धावत आली. मला वाटलं, मला उचलेल. ती माझ्यासमोर उभी राहिली, पदर तोंडात धरून, आणि म्हणाली, "काय केलंस गो हे?"

त्या घरी मी परत राहायला गेले नाही. पाळीतल्या एका बाईने बोईसरच्या खोलीत जागा दिली.

पुढचं सगळं कोर्टाच्या वेगाने झालं. मैत्रिणीच्या नवऱ्याला थोड्याच दिवसांत जामीन मिळाला. वकील म्हणाला, तुझ्या जबाबामुळे. दादा बरा झाल्यावर काही महिने आत होता. शेठचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. दादाने घेतलं नाही, आणि ज्याने मला शेठचं ते बोलणं सांगितलं त्याने पोलिसांसमोर सांगायला नकार दिला. खटला तारखांवर तारखा घेत वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तो मिटवला. गावात त्याच वर्षी पावसाळ्याआधी केबल आली. आमच्या घराच्या पुढच्याच खांबावरून वायर गेली. बाबांनी एकट्याने, तीन-चार दिवस खपून, पाइप सरळ केला आणि परत उभा केला. पण रविवारी अंगणात कोणी यायचं नाही. गावातली पोरं केबलवाल्या घरांत आणि पाड्यावरची पोरं आमच्या फाट्यावरूनसुद्धा जायची नाहीत. बाबा आवाज मोठा करून एकटे बघत बसायचे, असं आई सांगायची. ती त्या खोलीत जात नसे.

मैत्रिणीला कारखान्याने परत घेतलं नाही. पट्ट्यावर तुटकी गोळी नजरेने वेचावी लागते, एका डोळ्याने जमणार नाही, असं सुपरवायझर म्हणाला. ती पाड्यावर राहिली. मी तिच्याकडे जायची. तिची सासू मला दारातच बसवायची, आत बोलवायची नाही. मैत्रीण बाहेर येऊन बसायची आणि आम्ही कामाबद्दल बोलायचो, पाळीतल्या बायकांबद्दल. माझ्या भावाबद्दल तिने कधी विचारलं नाही आणि माझ्या जबाबाबद्दलही कधी काही म्हणाली नाही. पुढे तिच्या नवऱ्याने एक जुना टीव्ही आणला आणि घरामागच्या सागाला अँटेना बांधला. पाड्यावरची सगळी तरुण पोरं तिथे जमायची. ती सांगायची, "मी पण बघते त्यांच्यासंगती. वर अँटेना बांधलेला हाय, त्याच्या खाली मात्र बसत नाय. घरात बसून बघते."

माझं लग्न झालं, मी पालघरला आले. एका सकाळी दारात दादा उभा होता. किती वर्षांनी ते आता नीट आठवत नाही, माझी मुलगी तेव्हा रांगत होती. उजवा हात कमरेशी धरलेला, गालावर काडीची खूण. केबलचं काम कधीच सुटलं होतं, किनाऱ्यावरच्या दांडी गावात मासळीच्या टेम्पोवर जात होता, डाव्या हाताने जमेल ते काम. मी चहा दिला. तो बराच वेळ मुलीकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला तिच्याकडे नेशील?"

मी म्हटलं, "माझ्यावर राग नाय तुझा?"

"होता," तो म्हणाला. "आता कुणावर काढू?"

आम्ही गेलो. मी आधी निरोप पाठवला होता. तिचा नवरा अंगणात उभा होता. त्याने दादाला खाटेकडे बोट दाखवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसला. पाणी कोणी दिलं नाही. मैत्रीण दारात टेकून उभी राहिली, कडेवर धाकटं मूल. दादाने सगळ्या वाटेने जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडातून निघेना. तो नुसता जमिनीकडे बघत होता.

"बोल," तिचा नवरा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

दादाने नकाराची मान हलवली.

तेव्हा मैत्रीण म्हणाली, "टेम्पोत तू बोलत व्हतास, बघितला नाय, बघितला नाय. मी ऐकला व्हता. खरा हाय का तो?"

दादा वर बघत म्हणाला, "नाय. तार कापायच्या आधी बघितला होता मी तुला. माझा हात थांबला नाय."

  तिचा नवरा उठून घरामागे गेला. मैत्रीण दादाकडे त्या एका डोळ्याने बघत होती.

"बरा झाला सांगितलास," ती म्हणाली. "आता परत येऊ नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू ये. तुझी पोरगी घेऊन ये."

आम्ही डोंगर उतरून रस्त्याला आलो. मैलभर वाट दादा माझ्या पुढे पुढे चालत होता. एसटीच्या थांब्यावर त्याने मला विचारलं, बाबा कसे आहेत. मी म्हटलं, मला माहीत नाही, आईला विचार. गाडी आली, त्याने डावा हात दांड्याला घातला आणि तो वर चढला.